तुटलेली फाईल काढायची हत्यारं: अंबाजोगाईतल्या क्लिनिकमधला दीड वर्षाचा वापर

दीड वर्षापूर्वी मी रूट कॅनल करताना दातात तुटलेल्या फाईली, म्हणजे बारीक सुया, काढायचं सामान घ्यायला सुरुवात केली, सगळं एकदम नाही, जमेल तसं, आधी डोळ्याला लावायचं भिंग, मग अल्ट्रासॉनिक टिपा, मग तारेचा फास. तेव्हापासून परळी, केज, माजलगाव, अहमदपूरचे ओळखीचे डॉक्टर फोन करायलेत की मॅडम कोणतं घेऊ, खरंच निघते का फाईल, पैसे वसूल होतात का. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. मी बीडीएस आहे, एंडोची एमडीएस नाही, म्हणजे साधी दातांची डॉक्टर, रूट कॅनलची तज्ज्ञ नाही. क्लिनिक अंबाजोगाईत, दोन खुर्च्या, मायक्रोस्कोप नाही आणि इतक्यात येणारही नाही. म्हणजे हा रिव्ह्यू माझ्यासारख्यांसाठी आहे, ज्यांच्याकडं लातूरला पाठवायचं म्हटलं की पेशंट म्हणतो नको, तुम्हीच बघा.

जे डॉक्टर नाहीत आणि आपल्या दातात सुई तुटलीय असं ऐकून घाबरून वाचायलेत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. रूट कॅनल करताना दाताच्या मुळातली नळी साफ करायला ज्या बारीक सुया वापरतात त्यांना आम्ही फाईल म्हणतो. त्या हातानं फिरवायच्या स्टीलच्या असतात आणि मशीनवर फिरणाऱ्या निकेल-टायटॅनियमच्या असतात. हा निकेल-टायटॅनियम धातू अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेतून आलेला, आणि त्याची फाईल होऊ शकते हे १९८८ साली वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात सरळ करायच्या तारेपासून फाईल बनवून दाखवलं. तेव्हापासून वाकड्या नळ्या साफ करणं सोपं झालं, पण ही फाईल न सांगता तुटते. स्टीलची फाईल तुटायच्या आधी बऱ्याचदा आटे उलगडून इशारा देते, ही वाकणात फिरून फिरून थकते आणि वरून बघितलं तर नव्यासारखीच दिसते. टोक नळीत अडकलं आणि मशीन वरून फिरतच राहिलं तरी तुटते, तिथं मात्र कधीकधी आटे उलगडलेले दिसतात, म्हणून दर वेळी बाहेर काढली की पुसून बघायची. फाईल कुणाच्याही हातून तुटते, ज्यानं भरपूर आरसीटी (रूट कॅनल) केल्यात त्याच्या हातून तर नक्कीच. तुटली ते लपवलं तर मात्र तो गुन्हा समजा. एवढं मी ठामपणे म्हणते.

आता केस सांगते, कारण हे सगळं सामान मी खऱ्या अर्थानं त्या दिवशी पारखलं.

गेल्या ऑक्टोबरात, टोळ्या निघायच्या दिवसात, धारूरकडच्या एका वस्तीवरची ऊसतोडीची बाई आली, तीस-बत्तीस वय, खालची डावी पहिली दाढ किडलेली, नस मेलेली, एक्स-रेत पुढच्या मुळाच्या टोकाशी काळा डाग. एकाच बैठकीत संपवायचं ठरलं कारण परवा गाडी निघणार होती, बेळगावकडं, पाच-सहा महिने. मागची नळी झाली, पुढच्या मुळातली जिभेकडची झाली, आणि गालाकडच्या नळीत २५ नंबरची रोटरी, म्हणजे मशीनवरची फाईल, शेवटच्या वाकणात कट्ट झाली. हाताला जो हलका झटका बसतो ना तो ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. फाईल बाहेर काढली, नव्या फाईलशेजारी धरून मोजली, ४ मिमी कमी. आरव्हीजी, म्हणजे स्क्रीनवरचा एक्स-रे, घेतला, तुकडा अगदी खाली, वाकणाच्या पलीकडं.

मी खुर्ची सरळ केली आणि तिला सांगितलं, ताई, साफ करायची सुई आत तुटलीय, बारीक तुकडा मुळात राहिलाय. ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणली, "मंग आता वो मॅडम? परवा गाडी निघायलीय. मुकादमाची उचल घेतलीय, माघारी नाय येता येणार." नवरा दारात उभा होता, तो एवढंच म्हणला, "तिकडं फडात ठणकायला लागला तर कोण बघंल?" त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं माझ्याकडं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, एक बसलं तर दुसऱ्याचाही दिवस जातो, आणि उचल तर फेडायचीच असते. लातूरला मायक्रोस्कोपवाले एंडोडॉन्टिस्ट आहेत, फोन केला, पण त्यांची वेळ चार दिवसांनंतरची मिळत होती. म्हणजे जे काय ते त्याच दुपारी, त्याच खुर्चीत.

त्या दुपारचं पुढं सांगते, आधी सामान.

पहिलं भिंग. इंग्रजीत डोळ्याच्या भिंगालाही लूप्स म्हणतात आणि तारेच्या फासालाही लूप, त्यामुळे फोनवर लै घोळ होतो, मी एकाला भिंग आणि एकाला फास म्हणते. आमच्या गावी आडात बादली पडली की आजोबा आधी आरसा आणायला लावायचे, उन्हात धरून कवडसा आत पाडायचा, बादली कुठं आणि कशी पडलीय ते दिसलं की मगच गळ सोडायचा. न बघता गळ फिरवला तर बादली गाळात आणखी रुतते. तुटलेल्या फाईलीचं तंतोतंत हेच आहे. माझ्याकडं आधी अडीच पट मोठं दाखवणारं भिंग होतं, दिवा नसलेलं, ते फिलिंगला ठीक पण नळीच्या तोंडाच्या खाली त्यात काही दिसत नाही. नंतर साडेतीन पटीचं घेतलं, कपाळावर एलईडी दिवा असलेलं, आणि मला तर खरं सांगते त्या एका दिव्यानं निम्मं काम झालं. नळीच्या सरळ भागात फाईल तुटलेली असेल तर कोरडं करून बघितल्यावर तिचं डोकं चमकताना दिसतं, बारीक चांदीच्या ठिपक्यासारखं. वाकणाच्या पुढचं काहीही दिसत नाही, तिथं मायक्रोस्कोपलाही दिसत नाही, कारण उजेड वळत नाही. घेताना एकच बघा, तुम्ही बसून काम करता तेव्हा डोळ्यापासून पेशंटच्या तोंडापर्यंतचं अंतर मोजून त्याच मापाचं घ्या. माझं पहिलं भिंग प्रदर्शनात स्टॉलवर घाईत घेतलेलं, अंतर कमी निघालं, वाकून वाकून मान धरली, शेवटी विकलं. भिंगाला माझ्याकडून पाचपैकी पाच, आणि ज्यांनी अजून घेतलं नाही त्यांनी बाकी काहीही घ्यायच्या आधी हेच घ्यावं.

दुसरं, अल्ट्रासॉनिक टिपा. हे मुख्य हत्यार. दात साफ करायच्या पायझो स्केलरच्या मशीनलाच लागतात, फक्त टोक लांब आणि बारीक असतं. सेकंदाला साधारण तीस हजार वेळा थरथरतं. फाईलीच्या डोक्याशेजारचं डेंटिन (दाताचा आतला कठीण भाग) ते खरवडतं, आणि थरथरीनं फाईल सैल होते. ऐकायला सोपं वाटतं. मी आधी ऑनलाईन एक स्वस्त पाकीट मागवलं, नाव घेत नाही, पाच टिपांचं. काढलेल्या दातावर सराव करताना दुसऱ्याच वापरात टिपेचं टोकच तुटून नळीत बसलं, म्हणजे काढायला गेले एक आणि आत झाले दोन. नशीब की तो दात प्लास्टरमध्ये बसवलेला होता, माणसाच्या तोंडात नव्हता. उरलेल्या चार टिपा मी पेशंटवर वापरल्याच नाहीत. नंतर टायटॅनियमच्या बारीक टिपा दोन घेतल्या, एक लांब आणि एक त्याहून लांब, महाग आहेत पण दीड वर्षात एकही तुटली नाही. डायमंड लावलेल्या टिपा नळीच्या तोंडाजवळ वरचं वर मोकळं करायला चांगल्या, खोल नळीत मात्र नको, त्या लै खातात.

वापरायची रीत लिहिते कारण टिपा घेऊन कपाटात ठेवलेले बरेच जण मला माहीत आहेत. फाईलीपर्यंत सरळ रस्ता आधी करायचा. त्यासाठी गेट्स ग्लिडन ड्रिल घ्यायचं आणि त्याचं कळीसारखं डोकं जिथं सगळ्यात जाड असतं तिथं डिस्कनं कापून सपाट करायचं, मग अगदी हळू फिरवत फाईलीच्या डोक्यापर्यंत न्यायचं. तिथं छोटा ओटा तयार होतो, आडाभोवती असतो तसा, आणि मधोमध फाईलीचं डोकं. पुस्तकात याला स्टेजिंग प्लॅटफॉर्म म्हणतात. हे फक्त नळीच्या सरळ भागात, वाकणात कधीच नाही. मग पॉवर कमीत कमी, पाणी बंद, कारण पाण्यात काही दिसत नाही, आणि टिप फाईलीभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायची. उलट का तर बहुतेक रोटरीचे आटे उजवे असतात, उलट फिरवलं की स्क्रू सुटतो तशी ती वर येते. पण पुढं-मागं फिरणाऱ्या रेसिप्रोकेटिंग फाईलींचे आटे डावे असतात, तिथं दिशा बदलायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि एका केसमध्ये वीस मिनिटं मी ती आणखी आत घट्ट करत बसले होते.

कोरडं काम म्हणजे उष्णता. हाडाला ४७ अंश सेल्सिअस एक मिनिट सोसवत नाही, त्याच्यावर हाड मरतं, हे १९८० च्या दशकातल्या प्रयोगांतून सिद्ध झालेलं आहे, आणि मूळ बाहेरून किती तापलंय ते आपल्याला कळत नाही. म्हणून मी दहा सेकंद चालवते, थांबते, ईडीटीए (डेंटिन मऊ करणारं द्रावण) किंवा सलाईन सोडते, वाळवते, पुन्हा दहा सेकंद. असिस्टंटनं हवा मारताना हळू आणि तिरकी मारायची, नळीत सरळ जोरात हवा मारली तर ती टिश्यूत शिरून गाल फुगू शकतो. बाकीच्या नळ्यांची तोंडं आधी कापसानं नाहीतर टेफ्लॉन टेपनं बंद करायची, नाहीतर एवढ्या मेहनतीनं सैल झालेला तुकडा उडतो आणि शेजारच्या नळीत जाऊन बसतो. रबर डॅम (दाताभोवतीचा रबराचा पडदा) तर लावायचाच, त्याच्यावर चर्चा नको.

स्टीलची फाईल आणि निकेल-टायटॅनियमची फाईल टिपेखाली वेगळ्या वागतात. स्टील थरथर सोसतं. निकेल-टायटॅनियम जास्त वेळ थेट टिपेखाली राहिलं की पुन्हा तुटतं, तुकड्याचा तुकडा होतो, आणि राहिलेला आणखी खाली असतो. शिवाय हा धातू सरळ व्हायला बघतो, त्यामुळे वाकलेल्या नळीत त्याचं डोकं वाकणाच्या बाहेरच्या भिंतीला टेकतं. म्हणून टिप आतल्या भिंतीच्या बाजूनं घालायची, फाईल आणि वाकणाची आतली बाजू यांच्यामध्ये. आणि खालच्या दाढेच्या पुढच्या मुळात मागच्या बाजूची भिंत मुळातच पातळ असते, तिथं खरवडत बसलात तर दोन मुळांच्या बेचक्यात भोक पडतं. माझ्या एका केसमध्ये मी त्याच्या अगदी जवळ गेले होते, पेपर पॉइंटला (नळी वाळवायच्या कागदी काडीला) रक्ताचा ठिपका दिसला, हात काढला, औषध घालून दात बंद केला आणि पेशंटला लातूरला पाठवलं. सुदैवानं भोक पडलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मी घड्याळ लावून काम करते, चाळीस मिनिटांत फाईल हलली नाही तर थांबायचं.

टिपांना पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क आपल्या भागातल्या पाण्यानं खाल्ला. बोअरचं पाणी इतकं जड की मशीनच्या नळीत पांढरा थर बसतो, सहा महिन्यांत हँडपीस एकदा बंद पडला. सर्व्हिसवाला पुण्याहून येणार, यायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून मशीनला स्वतंत्र बाटली लावलीय आणि त्यात डिस्टिल्डच घालते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तो उन्हाळा आठवणाऱ्यांना सांगायला नको, आपल्याकडं पाणी असणं आणि मशीनला चालेल असं पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरं, तारेचा फास. ही जुनी कल्पना आहे, १९८३ साली रोइग-ग्रीन यांनी इंजेक्शनची २५ गेजची सुई घेऊन तिच्यातून बारीक तार दुमडून ओवली आणि फास करून नळीतली वस्तू ओढून काढायची रीत छापली. आता तयार पेन मिळतात, जपानच्या तेराउची यांचं किट प्रसिद्ध आहे, पोलंडचं बीटीआर पेन आहे, आणखीही आहेत. तत्त्व सगळ्यांचं एकच, बारीक नळीच्या टोकाला तारेचा फास, मागं सरकवलं की आवळतो. तेराउचींचा आडाखा लक्षात ठेवण्यासारखा आहे: तुकडा ४.५ मिमीपेक्षा लहान असेल तर बहुतेक वेळा टिपेनंच निघतो, त्याच्याहून लांब असेल तर फासाची तयारी ठेवा. आणि फास बसायला फाईलीचं डोकं निदान ०.७ मिमी चहूबाजूंनी मोकळं लागतं. म्हणजे फास हा टिपेच्या ऐवजी नाही, टिपेच्या नंतर आहे. हे न कळता नुसता फास घेतलेल्या एका मित्रानं मला फोन करून सांगितलं की हे चालतच नाही, त्याच्याकडं टिपाच नव्हत्या.

माझ्याकडं फासानं निघालेली सगळ्यात समाधानाची केस परळीच्या एका शिक्षकांची. वरच्या दाढेचं टाळूकडचं मूळ, रुंद नळी, तुकडा जवळजवळ ६ मिमी, दुसरीकडं तुटलेला आणि दोन महिने त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, एक्स-रेत मी पहिल्यांदा बघितला. टिपेनं डोकं मोकळं केलं, सैल झालं पण वर येईना, नुसतं डुलत होतं. मग फासाचं टोक थोडं वाकवून आत सोडलं, तिसऱ्यांदा बसला, आवळला. सरळ ओढायचं नाही हे शिकलेले होते, थोडं इकडं थोडं तिकडं डुलवत, जसा गळाला लागलेला बादलीचा कडा कपारीतून सोडवतात तसा. आला वर. गॉजवर ठेवून त्यांना दाखवला. ते काही वेळ बोलले नाहीत, मग चष्मा पुसला आणि म्हणाले, मला आधीच सांगितलं असतं तर मी रागावलो नसतो हो.

फासाची तक्रार एकच, तार नाजूक. जोर लावला की तुटते, आणि बदलायची तार दुकानात मिळत नाही, मागवावी लागते. दोन-तीन जास्तीच्या घेऊन ठेवा. पाचपैकी साडेतीन, कारण दीड वर्षात मला तो तीनदाच खऱ्या कामाला आला. ज्यांच्याकडं महिन्याला चार-पाच आरसीटी होतात त्यांनी नाही घेतला तरी चालेल.

बाकीचं पटकन. मॅसरान किट, फ्रान्सच्या मायक्रो-मेगाचं, जुन्या लोकांकडं असतं, पोकळ ड्रिलनं फाईलीभोवती खोदून नळीनं पकडायचं. त्याचं सगळ्यात बारीक ड्रिलच १.१ मिमीचं, एवढी जागा समोरच्या दातांच्या जाड सरळ मुळातच असते, दाढेत घालायचा विचारही करू नका. मी कॉलेजात बघितलं, घेतलं नाही. इंजेक्शनच्या सुईत सुपरग्लू घालून फाईलीच्या डोक्यावर बसवून चिकटवायची रीत स्वस्त आहे, एका सुळ्यात वर आलेली स्टीलची फाईल मी तशी काढली, पण ग्लू जरा जास्त झाला तर नळीच बंद होते, म्हणून थेंब अगदी टोकापुरता. आणि डोकं नळीच्या तोंडाबाहेर आलेलं असेल तर या कशाचीच गरज नाही, बारीक चिमटा पुरतो.

आता ज्या हत्याराबद्दल कुणीच विचारत नाही ते. ८ आणि १० नंबरची के फाईल. करडी आणि जांभळी. साध्या हातानं फिरवायच्या, पाकिटात सहा, प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या.

ती ऊसतोडीची केस. तुकडा वाकणाच्या पलीकडं, दिसत नाही, टिप तिथं नेणं म्हणजे मूळ फोडणं. फास तर नाहीच. म्हणजे माझं सगळं महाग सामान ट्रेमध्ये तसंच पडून राहिलं. एकच रस्ता उरला, तुकड्याच्या शेजारून वाट काढायची, ज्याला बायपास म्हणतो. नळ्या पूर्ण गोल नसतात, फाईल मात्र गोल असते, त्यामुळे कुठंतरी बाजूला फट राहते. ८ नंबरच्या फाईलीच्या टोकाला दीड-दोन मिमीवर बारीक बाक दिला, रबराच्या स्टॉपवर बाक कुठल्या बाजूला आहे त्याची खूण केली, नळी ईडीटीएनं भरली, आणि चाचपायला सुरुवात केली. ढकलायचं नाही, दोन बोटांत धरून घड्याळाच्या काट्यासारखं थोडं फिरवायचं, टोकाला चिकट लागतंय का बघायचं. धातूवर टेकलं की टणक लागतं, फटीत शिरलं की किंचित धरल्यासारखं होतं. घड्याळाच्या तबकडीसारखं, बाक बाराच्या दिशेला करून बघितलं, धरलं नाही, एकच्या दिशेला नाही, दोनच्या दिशेला नाही, असं चक्र पूर्ण. फाईल वाकली की फेकायची, नवी घ्यायची. मी त्या दिवशी ८ नंबरच्या नऊ फाईली टाकल्या.

मधे लाईट गेली. इन्व्हर्टरवर खुर्ची आणि आरव्हीजी चालतं, कॉम्प्रेसर नाही, पण या कामाला कॉम्प्रेसर लागतच नव्हता. कपाळावरचा दिवा बॅटरीवर. ती बाई एकदाही हलली नाही. मी विचारलं ताई तोंड दुखतंय का, तिनं हातानं खुणेनं सांगितलं करा.

सव्वा तास होऊन गेल्यावर, जिभेकडच्या बाजूला, फाईलीनं धरलं. तशीच ठेवून एक्स-रे घेतला. तुकडा आणि त्याच्या शेजारून गेलेली ८ नंबरची फाईल, दोन पांढऱ्या रेघा, आणि माझी रेघ टोकापर्यंत पोचलेली. त्यानंतर घाई केली नाही, ८ नंबर मोकळी होईपर्यंत मिमी-दोन मिमी वर-खाली, मग १०, मग १५, सगळ्या हाताच्याच, रोटरी तिथं पुन्हा घातली नाही कारण शेजारी धातू असताना दुसरी तुटायला वेळ लागत नाही. हायपो (जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराईट) भरपूर वापरलं, गरम करून, बदलून बदलून. शेवटी गटापर्चा (नळी भरायचा रबरासारखा पदार्थ) तुकड्याच्या शेजारून टोकापर्यंत भरला. तुकडा आतच राहिला, भरावात बुडालेला. वर पक्कं फिलिंग. नवऱ्याला कागदावर मराठीत लिहून दिलं की कुठल्या दातात काय राहिलंय, आणि एक्स-रेची प्रत दिली, म्हणजे तिकडं काही झालं तर तिथल्या डॉक्टरला कळेल. माझा नंबरही.

तुकडा राहिला म्हणजे दात गेला असं नाही, हे डॉक्टरांनीही समजून घ्यायला पाहिजे. मेलबर्नमधून स्पिली आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास आहे, ८४६० केसेस तपासल्या, त्यातल्या २७७ दातांत फाईलीचे तुकडे राहिलेले होते. तुकडा असलेल्या आणि नसलेल्या दातांची जोडीनं तुलना केली तेव्हा तुकडेवाले ९१.८ टक्के बरे झाले आणि बिनतुकड्याचे ९४.५ टक्के. फरक लहान आहे. आधीपासून मुळाशी डाग असेल तर दोन्हीकडचे आकडे खाली येतात. कारण त्रास धातू देत नाही, धातूच्या खाली राहिलेली घाण देते. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या सुटर आणि सहकाऱ्यांनी ९७ तुटलेल्या फाईलींचा हिशेब छापला, ८७ टक्के निघाल्या, पण ते मायक्रोस्कोपखाली काम करणारे तज्ज्ञ लोक. आपण भिंग लावून तो आकडा गाठायला गेलो तर किती मुळं पोखरू याचा विचार करा.

माझा स्वतःचा हिशेब असा. दीड वर्षात ११ केसेस, त्यातल्या ४ माझ्याच हातच्या, ७ दुसरीकडून आलेल्या. ५ निघाल्या, ३ बायपास झाल्या, २ मी हात न लावता तशाच ठेवून वरची नळी भरली आणि दर सहा महिन्यांनी एक्स-रे बघतेय, १ लातूरला पाठवली. निघालेल्या पाचही सरळ भागातल्या होत्या, एकही वाकणाच्या पुढची नाही.

खरेदीबद्दल विचाराल तर भिंग आणि दिवा, मग दोन चांगल्या टिपा, आणि त्याच्याबरोबर ८ आणि १० नंबरच्या फाईलींची चार-पाच पाकिटं, फास पुढच्या वर्षी घ्या. आणि पेशंटवर लावायच्या आधी काढलेल्या दातांवर सराव, निदान वीस दात. फाईलीला डिस्कनं बारीक खाच पाडायची, नळीत अडकवायची आणि फिरवून मुद्दाम तोडायची, मग काढत बसायचं. मी रविवारी दुपारी हेच करायचे. माझी असिस्टंट आता फाईलीचं डोकं माझ्या आधी बघते आणि म्हणते, मॅडम, चमकलं.

एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळ्या माघारी आल्या. ती बाई आली, उन्हानं काळवंडलेली, नवऱ्याबरोबर, हातात तोच घडी घातलेला कागद. दात टकटक करून बघितला, दुखत नव्हता. आरव्हीजी घेतला आणि ऑक्टोबरचा शेजारी लावला. टोकाशी जो काळा डाग होता तो निम्म्याहून कमी झालेला, कडेनं हाड भरत आलेलं. तिनं स्क्रीनकडं बोट करून विचारलं, "त्यो तुकडा कुठला म्हणायचा?" मी दाखवला. बराच वेळ बघत होती. तिकडं ठणकला का म्हणून विचारलं तर म्हणली, "एकदाबी नाय. ह्याच बाजूनं ऊस खाल्ला."

त्याच दिवशी कॅपचं माप घेतलं.